अद्ययावत होण्याची किंमत : वर्डप्रेसच्या वापरकर्त्यांचा इतिहास (२००३–२०१८)

१/ सॉफ्टवेअरचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या नावाने सांगितला जातो. या धाग्यात तो दुसऱ्या बाजूने पाहू : नवी आवृत्ती चढवताना मेटाकुटीस आलेल्या सामान्य अनुदिनीकारांच्या बाजूने. उदाहरण घेऊ वर्डप्रेसचे. 🧵

२/ २००१ साली मिशेल वाल्ड्रिगी यांनी ‘बी२/कॅफेलॉग’ ही मुक्तस्रोत ब्लॉगप्रणाली सुरू केली. पुढे तिचे काम थंडावले. मात्र जीपीएल परवान्यामुळे तिची संहिता कोणालाही पुढे नेता येणार होती. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती उचलली. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची ०.७ ही पहिली आवृत्ती प्रकाशित झाली. म्हणजे वर्डप्रेसचा जन्मच मुळी ‘आता आपल्या ब्लॉगचे पुढे काय?’ या चिंतेतून झाला.

३/ त्या काळी एखादी सोय हवी असेल, तर वापरकर्ते मूळ फायलींमध्येच चार ओळी घुसडत. अशा फेरफारांना ‘हॅक’ म्हणत. नवी आवृत्ती आली की तिच्या फायली जुन्यांवर चढत आणि हाताने केलेले सारे काम पुसले जाई. मग तीच ठिगळे पुन्हा लावत बसायचे!

४/ यावर पहिला तोडगा साधा होता : आपले फेरफार ‘माय-हॅक्स’ नावाच्या वेगळ्या फायलीत ठेवायचे. मे २००४ च्या १.२ आवृत्तीत याच विचाराला ‘प्लगिन’ ही शिस्तबद्ध रचना मिळाली. फेब्रुवारी २००५ च्या १.५ आवृत्तीत ‘थीम’ आल्या आणि ब्लॉगचे रूपही गाभ्यापासून वेगळे झाले. आज ज्या रचनेचे कौतुक होते, तिची मुळे अशी या वैतागात आहेत.

५/ तरीही अद्ययावत करणे सोपे नव्हते. डेटाबेसची प्रत काढा. सर्व प्लगिन बंद करा. जुने फोल्डर काढून टाका; मात्र स्वतःची चित्रे, थीम आणि प्लगिन असलेल्या फोल्डरला हात लावू नका. एफटीपीने नव्या फायली चढवा. शेवटी अद्ययावत करणारे पान उघडा. वर्डप्रेसची ख्याती ‘पाच मिनिटांत प्रतिष्ठापना’ अशी होती. अद्ययावत करण्याला मात्र अख्खी संध्याकाळ लागू शके.

६/ देवनागरीत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक संकट होते. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ अक्षरसंहिता ‘लॅटिन-१’ होती आणि तिचा वर्णक्रम स्वीडिश, कारण ती कंपनीच स्वीडनची! युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात ‘क’ साठी तीन बाइट लागतात. डेटाबेस त्यांना तीन वेगळी युरोपीय अक्षरे समजून साठवी. वाचतानाही तोच गैरसमज कायम राही, म्हणून पडद्यावर ‘क’ नीट दिसे.

७/ मे २००७ च्या २.२ आवृत्तीपासून जुळणीच्या फायलीत अक्षरसंहिता स्पष्ट सांगण्याची सोय झाली. सुधारणा योग्यच होती. पण जुन्या डेटाबेसला नवी जुळणीची फाइल जोडली की दोन चुकांचा तो समतोल मोडे आणि लेखांच्या जागी चिन्हे चढलेल्या रोमन अक्षरांच्या रांगा दिसत. तात्पुरता उपाय म्हणजे ती ओळ काढून टाकणे. खरा उपाय म्हणजे रकाने आधी ‘ब्लॉब’ या निव्वळ बाइटच्या प्रकारात आणि मग यूटीएफ-८ मध्ये नेणे. मजकूर नष्ट झालेला नसे; त्याची ओळख तेवढी हरवलेली असे.

८/ इतका त्रास असेल तर माणसे काय करतात? जुनीच आवृत्ती चालवत राहतात. त्याची किंमत सप्टेंबर २००९ मध्ये कळली. जुन्या आवृत्त्यांवर एका ‘वर्म’ने हल्ला केला. तो स्वतःला प्रशासक करून घेई, वापरकर्त्यांच्या यादीतून लपून राही आणि जुन्या लेखांत घातक मजकूर पेरी. आवृत्तीचा क्रमांक लपवण्याची युक्ती निरुपयोगी होती, कारण वर्म क्रमांक विचारत नसे. थेट दार ढकलून पाही.

९/ तोवर कळीचा बदल होऊन गेला होता. डिसेंबर २००८ च्या २.७ आवृत्तीत (जॅझ वादक जॉन कोल्ट्रेन यांच्या नावाची) वर्डप्रेसला स्वतःचा गाभा एका कळीवर बदलता येऊ लागला. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये ३.७ आवृत्ती आली आणि सुरक्षेच्या किरकोळ दुरुस्त्या मालकाला न विचारता आपोआप होऊ लागल्या.

१०/ पण यंत्रावर भार टाकला की यंत्रही चुकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ४.९.३ आवृत्तीतील दोषाने स्वयंचलित अद्ययावतीकरणच बंद पाडले. दुसऱ्याच दिवशी ४.९.४ आली, पण ती आपोआप पोहोचणार कशी? दुरुस्ती पोहोचवणारा रस्ताच खचला होता. अनेकांना पुन्हा स्वतः कळ दाबावी लागली.

११/ त्याच वर्षी ६ डिसेंबरला ५.० आवृत्तीने लिहिण्याची सवयीची चौकट बदलून ‘ब्लॉक’ संपादक आणला. नाराजांनी दोन वाटा धरल्या. ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगिन ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर पोहोचले. काहींनी ‘क्लासिकप्रेस’ ही स्वतंत्र शाखाच काढली. २००३ मध्ये वर्डप्रेसने जो हक्क वापरला, तोच आता वर्डप्रेसविरुद्ध वापरला गेला.

१२/ मुक्तस्रोत परवाना बदलाचा अधिकार देतो. त्या बदलाचे ओझे कोणी वाहायचे, हे तो ठरवत नाही. पंधरा वर्षांत ते ओझे वापरकर्त्याकडून यंत्राकडे सरकले आणि त्यासोबत ‘कधी बदलायचे’ हा निर्णयही सरकला. पुढच्या वेळी ‘अद्ययावत करा’ ही सूचना दिसली, तर कळ जरूर दाबा. मात्र त्याआधी आपल्या लेखनाची एक प्रत काढून ठेवा. २००३ पासून आजवर हा एकच सल्ला जुना झालेला नाही. (समाप्त)