थायरॉईड कर्करोगाच्या उपचाराचा खर्च आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्था : किरणोत्सारी आयोडीनच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

एखाद्या आजारावरील उपचाराचा खर्च किती, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या कक्षेत टाकला जातो. तो खर्च कोणाच्या वहीत लिहिला गेला आणि कोणाच्या वहीत लिहिलाच गेला नाही, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे. भारतातील थायरॉईड कर्करोगाचा उपचार हे याचे बोलके उदाहरण होय. या आजाराच्या पॅपिलरी व फॉलिक्युलर प्रकारांत शस्त्रक्रियेने ग्रंथी काढणे, आवश्यक तेथे आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी द्रव्य देणे आणि पुढे आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी घेणे असा उपचारक्रम रूढ झाला. रुग्ण बहुधा बरा होतो व दीर्घकाळ जगतो. म्हणूनच त्याचा खर्चही दीर्घकाळ चालतो. या खर्चाचा मोठा भाग भारतात आरोग्य खात्याने नव्हे, तर अणुऊर्जा खात्याने उचलला आणि उरलेला भाग रुग्णाच्या घराने निमूटपणे सोसला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ट्रॉम्बे ते परळ

आयोडीन-१३१ चा शोध १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे लागला. १९४१ मध्ये बॉस्टन येथे सॉल हर्ट्झ यांनी थायरॉईडच्या अतिस्रावावर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार केला. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल सायडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी थायरॉईड कर्करोगावरील त्याच्या परिणामाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तोपर्यंत हे द्रव्य सायक्लोट्रॉनमध्ये अत्यल्प प्रमाणात तयार होई व अतिशय महाग पडे. १९४६ पासून अमेरिकेतील ओक रिज येथील अणुभट्टीतून समस्थानिकांचे वितरण सुरू झाले आणि त्यांची किंमत झपाट्याने उतरली. युद्धासाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च आधीच होऊन गेलेला होता. रुग्णालयांना मिळाले ते तिचे उपफल.

भारतातही हाच प्रकार घडला, परंतु एका महत्त्वाच्या फरकासह. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे आहे. म्हणजे आठवडाभर वाटेत रखडलेल्या मालाचे निम्मे औषधच उरत नाही. अशा द्रव्याचा साठा करता येत नाही आणि परदेशातून मागविलेल्या मालाचा भरवसा धरता येत नाही. ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' आणि १९६० मध्ये 'सायरस' या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या, तेव्हा ही अडचण दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला. टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून आयोडीन-१३१ देशातच तयार होऊ लागले.

परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केले होते. ते १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. कर्करोगाचे रुग्णालय आरोग्य मंत्रालयाकडून काढून अणुऊर्जा खात्याकडे द्यावे, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. डॉ. होमी भाभा यांच्या दृष्टीने मात्र ती सुसंगत होती; कर्करोगाच्या निदानात व उपचारात किरणोत्साराचे स्थान वाढत जाणार, हे त्यांनी ओळखले होते. लगोलग १९६३ मध्ये परळच्याच परिसरात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि थायरॉईडचे विकार हे त्याच्या कामाचे प्रमुख क्षेत्र ठरले. पुढे १९८९ मध्ये समस्थानिकांच्या उत्पादन-वितरणासाठी 'ब्रिट' हे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले.

या घटनाक्रमाचा आर्थिक अर्थ पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. अणुभट्टीचे बांधकाम, शास्त्रज्ञांचे वेतन, प्रारणसुरक्षेची यंत्रणा हा सर्व खर्च थायरॉईडच्या रुग्णाच्या नावावर कधीच चढला नाही. तो राष्ट्रीय अणुकार्यक्रमात विरघळून गेला. स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या रुग्णाला औषधाच्या बाबतीत हे भाग्य लाभले नाही. सरकारी छत्राखाली थायरॉईडचा उपचार स्वस्त झाला, त्यामागे आरोग्यविषयक धोरणापेक्षा आयोडीनचे भौतिकशास्त्र अधिक होते.

घरावर पडलेला भार

औषध स्वस्त झाले तरी ते देण्याची जागा स्वस्त झाली नाही. मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला काही दिवस विलगीकरण कक्षात ठेवावे लागते. त्याचे मलमूत्र थेट गटारात न सोडता, किरणोत्सार ओसरेपर्यंत खास टाक्यांत साठवावे लागते. जाड भिंती, स्वतंत्र शौचालय, टाक्या आणि प्रशिक्षित कर्मचारी असलेल्या खाटा देशात दीर्घकाळ मोजक्याच शहरांत होत्या. परिणामी प्रतीक्षायादी आली, प्रवास आला आणि मुक्कामही आला. परळच्या पदपथावर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणारे कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक हा मुंबईला परिचित असलेला देखावा आहे. रुग्णालयाच्या ताळेबंदात त्याला स्थान नाही.

दुसरा भार शरीरावर पडतो. आयोडीन उरलेल्या पेशींनी शोषून घ्यावे यासाठी सुमारे चार आठवडे थायरॉक्सिन बंद ठेवण्याची पद्धत आहे. या काळात रुग्णाला थकवा, सूज व थंडी जाणवते आणि सर्व हालचाली मंदावतात. हा काळ टाळणारे कृत्रिम टीएसएचचे इंजेक्शन अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झाले. त्याच्या किमतीमुळे सार्वजनिक रुग्णालयांत त्याचा वापर मर्यादित राहिला. गोळी थांबविण्यास रुग्णालयाला काहीच खर्च येत नाही. बुडतो तो महिन्याचा रोज. हा कर्करोग पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये सुमारे तिप्पट आढळतो. म्हणजे बुडणारे काम बहुधा ज्याची मजुरी मोजलीच जात नाही असे, घरातील असते. उपचारानंतर काही दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचे नाही, त्या वेळच्या बाळाला पुन्हा अंगावर पाजायचेच नाही, ही बंधनेही आईवरच येतात.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. गलगंड निर्मूलनासाठी भारत सरकारने १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००६ मध्ये खाण्यासाठी बिनआयोडीनच्या मिठाच्या विक्रीवर पुन्हा बंदी घातली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. आयोडीन उपचारापूर्वी एक-दोन आठवडे आयोडीनविरहित मीठ खाण्याचा सल्ला मिळालेल्या रुग्णाला मात्र ते शोधत फिरावे लागते.

किमान मात्रेचा प्रश्न

खाटा कमी आणि रुग्ण अधिक असतील, तर किती कमी मात्रेत काम भागते हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. मात्रा सुमारे ३० मिलिक्युरीपर्यंत असेल तर विलगीकरण कक्षाची गरज सहसा पडत नाही. पाश्चात्त्य रुग्णालयांत दीर्घकाळ १०० मिलिक्युरी हे जवळपास ठरून गेलेले प्रमाण होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सी. एस. बाल व सहकाऱ्यांनी या प्रमाणाची यादृच्छिक चाचणीने तपासणी केली. त्यांचा पहिला निबंध १९९६ मध्ये, १४९ रुग्णांवर आधारलेला, प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ५६५ रुग्णांना १५ ते ५० मिलिक्युरी अशा आठ वेगवेगळ्या मात्रा देण्यात आल्या. कमी जोखमीच्या रुग्णांत उरलेल्या ग्रंथीचा नाश करण्यास २५ ते ५० मिलिक्युरीमधील कोणतीही मात्रा पुरेशी दिसते, असा निष्कर्ष निघाला.

ब्रिटन व फ्रान्समधील मोठ्या चाचण्यांनी ३० मिलिक्युरीची मात्रा १०० इतकीच परिणामकारक असल्याचे दाखवले, ते २०१२ मध्ये. या दोन चाचण्यांचा गवगवा बराच झाला. दिल्लीच्या कामाची आठवण त्या मानाने क्वचितच निघते. २०२२ मध्ये फ्रान्समधील आणखी एका चाचणीने ७७६ रुग्णांच्या आधारे, कमी जोखमीच्या रुग्णांना आयोडीन न देताही तीन वर्षांच्या देखरेखीत फरक पडत नाही, असे मांडले. गरजेपेक्षा अधिक दिलेली मात्रा ही सार्वजनिक निधीची आणि रुग्णाच्या दिवसांचीही उधळपट्टी होती, हे यातून उलगडते.

योजनांचा काळ

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०२३ च्या शासननिर्णयाने ते ५ लाखांवर नेले. पूर्वी अणुकार्यक्रमात विरघळलेल्या खर्चाला आता प्रक्रियावार दर लागला. कोणत्या उपचाराला किती पैसे, हे उघड झाले आणि खाजगी रुग्णालयांचे दारही गरिबांना काही प्रमाणात खुले झाले. हा लाभ मोठाच म्हणावा लागेल.

मात्र अशा योजनेचा गाभा रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेला असतो, तर या आजाराचा बराचसा काळ घरी जातो. थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, आयुष्यभर घ्यावयाची असते. अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली तिच्या किमतीवर मर्यादा आली आणि ती सामान्य कुटुंबाला परवडू लागली. थायरोग्लोब्युलिनची तपासणी व मानेची सोनोग्राफी यांचे तसे नाही. त्या ठरावीक मुदतीने कराव्या लागतात. ज्या तालुक्यात त्या होत नाहीत तेथील रुग्णाला त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि पुष्कळदा अजूनही मुंबईला, एक दिवसाची मजुरी सोडून जावे लागते.