बारामतीत जन्मलेला शास्त्रज्ञ आणि घरातला लेझर कटर

१/ जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या घरी कुणी हौशी कारागीर आज तीन मिलिमीटरच्या प्लायवूडमधून आकाशकंदिलाची जाळी कापत असेल, तर त्या यंत्रातल्या किरणाचा इतिहास बारामतीपासून सांगावा लागतो. २ जुलै १९३८ रोजी तेथे चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म झाला. १९५८ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी, १९६१ मध्ये स्टॅनफर्डची डॉक्टरेट आणि त्याच वर्षी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये नोकरी.

२/ लेझर तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेझर झोत काढला. तो क्षणिक लखलखाट होता. उत्तर सापडले आहे, आता त्याला साजेसा प्रश्न शोधा, अशी त्याची थट्टाही होई.

३/ पटेल यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेझर घडवला. आरंभी त्याची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजावी लागे. मग त्यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. विजेने उत्तेजित झालेला नायट्रोजनचा रेणू कार्बन डायऑक्साइडच्या रेणूवर आदळतो आणि आपली ऊर्जा त्याला देऊन टाकतो. पुढे हेलियमची जोड मिळाली आणि थोड्याच काळात अखंड वाहणारा झोत शंभर वॅटच्या पलीकडे गेला. हौशी कारागिराच्या काचनळीतही आज हेच तीन वायू असतात.

४/ हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे अवरक्त. लाकूड हा प्रकाश पृष्ठभागावरच शोषून घेते, तर चकचकीत धातू तो परतवून लावतो. म्हणून चाळीस वॅटची नळी प्लायवूड कापते, पण पोलादी पत्र्यापुढे हतबल ठरते. शिवाय लाकूड वितळत नाही. त्याची वाफ होते आणि कोळसा उरतो. कापाच्या काळ्या कडा त्यातूनच येतात.

५/ पोलादासाठी १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर हाउल्डक्रॉफ्ट यांनी किरणासोबत प्राणवायूचा झोत सोडला आणि पत्रा कापून दाखवला. घरगुती यंत्रातला छोटा हवेचा पंप याच कल्पनेचा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही, फक्त त्याचे काम जवळजवळ उलट आहे: धूर हटवणे आणि लाकडाला ज्वाळा लागू न देणे.

(आज स्वस्तात मिळणारी बरीच घरगुती यंत्रे निळ्या डायोड लेझरची असतात. त्यांचे घराणे वेगळे. ते १९९० च्या दशकात जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या कामापाशी पोहोचते.)

६/ कारखान्यातले हे साधन सामान्य माणसाच्या हाती देण्याचा एक महत्त्वाचा प्रयोगही पुणे जिल्ह्यातच झाला. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला होता. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. फॅब लॅबच्या ठरलेल्या यंत्रसंचात लेझर कटर असतोच.

७/ घरात यंत्र यावे का, हा वाद मात्र लेझरहून जुना आहे आणि त्याचा एक टप्पा खानदेशातच घडला. डिसेंबर १९३६ मध्ये तेव्हाच्या पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. अधिवेशन-नगरीच्या सजावटीत नंदलाल बोस यांचा हात होता आणि बांबूसारखी स्थानिक सामग्री वापरण्यावर भर होता.

८/ गांधीजींना सरसकट यंत्रविरोधी ठरवणारे एक गोष्ट विसरतात. १९२४ मध्येच त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद मानले होते. घरातल्या बाईचे कष्ट कमी करणारे यंत्र त्यांना मान्य होते. मोजक्या लोकांची धन करून इतरांचे हात रिकामे ठेवणारे नव्हे. लेझर कटर यांपैकी कुठल्या बाजूला पडतो, हे तो कुणाच्या घरात आहे यावर ठरते. हौशी माणसाकडे तो छंद आहे. सुताराकडे तेच भांडवल होऊ शकते, पण ते उभे करण्याची ऐपत त्याच्याकडे सहसा उशिरा येते.

९/ खानदेशातला सुतार बलुतेदार होता. नांगर, वखर, बैलगाडी घडवावी आणि सुगीला धान्य घ्यावे. धाब्याच्या घरांच्या तुळया आणि वाड्यांचे खांबही त्याच्याच हातचे. त्या खांबांवरची खोल नक्षी घरगुती लेझरच्या आवाक्याबाहेरची आहे. तो पातळ फळी आरपार कापतो किंवा वरचा थर जाळून चित्र उमटवतो. सागाच्या ठोकळ्यातून फूल उकरायला पटाशीच लागते.

१०/ जळगावकरांसाठी एक सूचना. पाइपांच्या या शहरात पीव्हीसी नवे नाही आणि त्याच्या पांढऱ्या फोमशीट दिसायला लाकडाला सोयीस्कर पर्याय वाटतात. त्या लेझरखाली कधीही ठेवू नयेत. पीव्हीसीत क्लोरीन असते. ते जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना इजा करतो आणि यंत्रालाही गंजवतो. प्लायवूड कापतानाही धूर बाहेर नेणारा पंखा हवा, त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा हवा आणि यंत्र चालू ठेवून खोली सोडू नये.

११/ राहिला सांध्याचा प्रश्न. किरणही थोडे लाकूड खातोच, मिलिमीटरच्या एखाद्या-दुसऱ्या दशांशाइतके. तेवढे आराखड्यात धरले नाही, तर पेटीच्या कडेचे दाते एकमेकांत ढिले बसतात. करवतीच्या पात्याची जाडी रेघेच्या कोणत्या बाजूला सोडायची, हे सुताराचे पोर फार लवकर शिकत असे. संगणकासमोर बसलेल्या हौशी कारागिराला तोच हिशेब दोन-चार फळ्या वाया घालवून कळतो.