हायलंड बॅगपाइपचे शिक्षण

स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागांतील डोंगराळ प्रदेशात विकसित झालेल्या मोठ्या बॅगपाइपच्या वादनाची शिक्षणपद्धती व तिचा इतिहास. गेलिक भाषेत ह्या वाद्यास ‘पीब मोर’ (मोठा पावा) म्हणतात. चामड्याची पिशवी, ती तोंडाने फुगविण्याची नळी, सुरावट वाजविण्याची भोके असलेली स्वरनळी (चँटर) आणि खांद्यावर टेकणाऱ्या, अखंड आधारस्वर देणाऱ्या तीन नळ्या (ड्रोन) हे त्याचे मुख्य भाग होत. स्वरनळी आतून शंक्वाकार असून तीत सनईप्रमाणे वेताची दुहेरी जिव्हाळी असते. आधारनळ्यांत एकेरी पत्ती असते. तीनपैकी दोन नळ्या स्वरनळीच्या मूळ स्वराच्या खालच्या सप्तकात व तिसरी, सर्वांत लांब नळी, त्याच्याही खालच्या सप्तकात लावलेली असते. स्वरनळीतून केवळ नऊ स्वर निघतात. फुंकर थांबली तरी काखेतील पिशवीच्या दाबाने नाद चालू राहतो. त्यामुळे वादकास मध्येच विराम घेता येत नाही, तसेच स्वर लहानमोठा करता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवावयाचा तर त्या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या स्वराचा अतिसूक्ष्म कण घालावा लागतो. बॅगपाइपच्या शिक्षणातील बहुतेक सर्व अडचणी व त्याच्या वादनाचे सर्व सौंदर्य ह्या एका मर्यादेतून उद्‌भवले आहे.

ह्या वाद्याच्या संगीताचे दोन ढोबळ वर्ग आहेत. ‘क्योल मोर’ म्हणजे मोठे संगीत. त्यासच सामान्यतः पीब्रख म्हणतात. त्यात प्रथम ‘ऊर्लार’ (मूळ भूमी) ही संथ सुरावट येते, तिच्यावर क्रमाक्रमाने अधिक गुंतागुंतीच्या अलंकरणांचे विस्तार रचले जातात आणि अखेरीस वादक पुन्हा ऊर्लारवर येऊन थांबतो. विलंबित बंदिशीची बढत ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्यास ही रचना परकी वाटू नये. ‘क्योल बेक’ म्हणजे लहान संगीत. त्यात संचलनाच्या व नृत्याच्या धुना मोडतात. शिक्षणाच्या इतिहासातील खरा प्रश्न उभा राहिला तो पहिल्या वर्गाच्या संदर्भात.

सतराव्या व अठराव्या शतकांत पीब्रखचे शिक्षण वंशपरंपरेने वादन करणाऱ्या घराण्यांकडे होते. स्काय बेटावरील डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांचे वादक असलेले मॅक्रिमन हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध घराणे. त्यांना बोरेरेग येथे जमीन मिळालेली होती व तेथेच दूरदूरचे शिष्य शिकावयास येत. ह्याखेरीज स्लीटच्या मॅक्डॉनल्ड सरदारांचे मॅकार्थर, गेअरलॉखचे मॅके आणि मल बेटावरील रँकिन ही घराणीही मान्यता पावली होती. गेअरलॉखचा अंध वादक व कवी ईअन दाल मॅके (सु. १६५६–१७५४) हा पॅट्रिक ओग मॅक्रिमनचा शिष्य होता. शिक्षणास सात वर्षे लागतात असे परंपरा सांगते. तथापि सर्वच शिष्य इतका काळ राहत असत असे दिसत नाही. १७४३ मध्ये लॉर्ड लव्हॅटने आपला सेवक डेव्हिड फ्रेझर ह्यास माल्कम मॅक्रिमनकडे स्वखर्चाने शिकावयास पाठविण्याविषयी केलेला करार उपलब्ध आहे. त्यात फ्रेझरने लव्हॅटची सात वर्षे सेवा करावी असे ठरलेले दिसते. घराण्यातील विद्या बाहेरच्या सरदाराच्या सेवकास रीतसर मोबदल्याने दिली जात असे, हे ह्या करारावरून कळते आणि ‘पाठशाळा’ ह्या शब्दाने सुचणाऱ्या भव्य संस्थेपेक्षा ही व्यवस्था गुरुगृही राहून शिकण्याच्या पद्धतीस अधिक जवळची होती, हेही स्पष्ट होते.

शिकविण्याचे साधन लिखित नव्हते. गुरू रचना गाऊन दाखवी आणि शिष्य ती गाऊन पाठ करी. वाद्य त्यानंतर हाती येई. त्यासाठी ‘काउंतरख’ नावाची अर्थहीन अक्षरांची पद्धती प्रचारात होती. तीत साधारणतः स्वरवर्णांनी मुख्य स्वर व व्यंजनांनी कणस्वरांचे गुच्छ दर्शविले जात. ‘हिहारिन’, ‘हिनदारिद’, ‘हिनबांद्रे’ हे तिच्यातील काही बोल. पखवाज वा तबला बोलांवरून शिकविण्याच्या आपल्याकडील पद्धतीशी तिचे साम्य उघड आहे. मात्र काउंतरखमध्ये आघात व लयीबरोबर स्वरही सांगितला जातो. कोठे थांबावयाचे, कोणता स्वर ताणावयाचा, कोणता ओझरता सोडावयाचा हे सारे गाण्यातूनच शिष्याच्या अंगी उतरे. प्रत्येक घराण्याचे बोल थोडे वेगळे होते.

कलोडनच्या लढाईनंतर (१७४६) ही व्यवस्था ढासळू लागली. त्या वर्षीच्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याने बॅगपाइपवर बंदी घातली, अशी समजूत आजही अनेक पुस्तकांत आढळते. परंतु कायद्याच्या मजकुरात ह्या वाद्याचा उल्लेखच नाही. खरे कारण आर्थिक होते. सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार १७४७ च्या कायद्याने काढून घेण्यात आले, ते हळूहळू कुलप्रमुखाचे जमीनदार बनले आणि वादकास दिलेली जमीन त्यांना खंडाच्या हिशेबात महाग वाटू लागली. सॅम्युएल जॉन्सन १७७३ मध्ये ह्या बेटांवर आला, तेव्हा मॅक्रिमनांची पाठशाळा अगदीच नामशेष झालेली नव्हती. मलमधील रँकिनांची मात्र काही वर्षांपूर्वी बंद पडली होती. त्याच्या १७७५ च्या प्रवासवर्णनात ह्या दोन्हींची नोंद आहे.

विद्या लुप्त होण्याच्या भीतीने ती कागदावर उतरविण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांतील पहिला महत्त्वाचा प्रयत्न भारताशी निगडित आहे. सदरलंडमधील जोसेफ मॅक्डॉनल्ड (१७३९–६३) हा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी १७६० मध्ये निघाला. ह्याच सुमारास त्याने बॅगपाइपच्या स्वरसप्तकाचे, कणस्वरांचे, बोटांच्या अभ्यासाचे व रचनांच्या घडणीचे विवेचन करणारा ग्रंथ लिहिला. पुढे तो कलकत्त्यात तरुणपणीच मरण पावला. त्याचे हस्तलिखित सर जॉन मॅग्रेगर मरी ह्यास बंगालमध्ये सापडले व त्याच्या भावाने, पॅट्रिक मॅक्डॉनल्डने, ते १८०३ मध्ये एडिंबरो येथे प्रसिद्ध केले. त्या आवृत्तीत मुद्रणदोष पुष्कळ होते. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली विश्वसनीय आवृत्ती रॉडरिक कॅननने १९९४ मध्ये काढली. मॅक्डॉनल्डला पाश्चात्त्य संगीतशास्त्र व गेलिक परंपरा ह्या दोहोंचे ज्ञान होते. जुन्या व्यवस्थेत प्रत्यक्ष वावरलेल्या जाणकाराचे दुसरे इतके तपशीलवार लेखन उपलब्ध नसल्याने त्याच्या ग्रंथाचे मोल फार मोठे आहे. ब्रेडलबेनच्या कँबेलांचा वादक कॉलिन कँबेल ह्याने १७९७ मध्ये मोठ्या संख्येने पीब्रख रचना काउंतरखच्या बोलांत लिहून काढल्या. त्याच्या हस्तलिखिताचे दोन खंड उपलब्ध असून तिसरा हरवला आहे. मॅक्रिमनांचे बोल नील मॅक्लाउडने १८२८ मध्ये छापले.

दरम्यान १७८१ मध्ये लंडनच्या हायलंड सोसायटीने फॉल्कर्क येथे बॅगपाइपवादनाची स्पर्धा भरविली; पुढे ती एडिंबरोस नेण्यात आली. ह्या सोसायटीचे धोरण रचना पाश्चात्त्य रेषांकित स्वरलेखनात उतरवून घेण्याचे होते आणि त्यासाठी तिने वादकांना उत्तेजन दिले. डॉनल्ड मॅक्डॉनल्डचा संग्रह सु. १८२० मध्ये, तर अँगस मॅके (१८१३–५९) ह्याचा संग्रह १८३८ मध्ये प्रसिद्ध झाला. रासे बेटावरील नामवंत वादकाचा मुलगा असलेला मॅके १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा पहिला वादक झाला. ह्यामुळे त्याच्या पाठांना विशेष प्रतिष्ठा लाभली आणि एका वादकाने एका वेळी लिहिलेला पाठ हाच कालांतराने ‘शुद्ध’ पाठ ठरला. रेषांकित स्वरलेखनात प्रत्येक स्वरास निश्चित कालमूल्य द्यावे लागते. पीब्रखच्या सुरुवातीच्या ऊर्लारमधील लवचिक लय त्यात मावत नाही. स्पर्धेतील परीक्षक, ज्यांपैकी अनेक स्वतः वादक नव्हते, छापील प्रत समोर ठेवून गुण देऊ लागले तेव्हा कागदावरचे कालमूल्य हीच रचनेची लय असे मानले जाऊ लागले.

हा वाद विसाव्या शतकात तीव्र झाला. १९०३ मध्ये पीब्रख सोसायटी स्थापन झाली. तिच्या पाठमालेचे संपादन दीर्घकाळ किलबेरीचा आर्चिबल्ड कँबेल (१८७७–१९६३) करीत होता. तो भारतीय सनदी सेवेत पंजाबात अधिकारी होता. त्याच्या संपादनामुळे विखुरलेले साहित्य सर्वांना सुलभ झाले, हे निर्विवाद. परंतु त्या काळातील सर्वश्रेष्ठ गुरू मानला गेलेला इन्व्हर्नेसचा जॉन मॅकडॉनल्ड (१८६५–१९५३) ह्या छापील पाठांविषयी समाधानी नव्हता. तो शिष्यांना गाऊनच शिकवी. बॅल्मॉरल येथील राजघराण्याच्या इस्टेटीवर नोकरीस असलेले रॉबर्ट ब्राउन (१९०६–७२) व रॉबर्ट निकल (१९०५–७८) हे त्याचे दोन प्रमुख शिष्य. त्यांनी हीच पद्धती पुढे चालविली आणि त्यांच्या शिकवणीच्या ध्वनिफितींमुळे ती नंतरच्या पिढीस प्रत्यक्ष ऐकता आली. संपादकांनी व संस्थांनी जिवंत परंपरेस साच्यात बसविले, असा आरोप विल्यम डॉनल्डसनने २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात सविस्तर मांडला. तो काही ठिकाणी एकांगी वाटला, तरी त्यानंतर जुन्या हस्तलिखितांतील पाठभेद वाजविण्याकडे वादकांचा कल वाढला, हे मान्य करावे लागते.

लहान संगीताच्या प्रसारास सैन्य कारणीभूत झाले. १८५४ मध्ये हायलंड रेजिमेंटांत एक पाइप-मेजर व पाच वादक ह्यांना अधिकृत मान्यता मिळाली. अनेकांनी एकाच वेळी एकच धून वाजवावयाची तर प्रत्येक कणस्वर सर्वांचा एकाच क्षणी पडला पाहिजे. त्यामुळे स्वरलेखन वाचता येणे सैनिक-वादकास आवश्यक झाले. १९१० मध्ये पीब्रख सोसायटीच्या सहकार्याने सैनिकी वादकांचा वर्ग सुरू झाला. पाइप-मेजर विल्यम रॉस (१८७८–१९६६) ह्याने पहिल्या महायुद्धानंतर सु. चार दशके एडिंबरोच्या किल्ल्यात तो चालविला. नागरी शिक्षणासाठी ग्लासगो येथे शेमस मॅकनील व टॉमस पिअरस्टन ह्यांनी १९४४ मध्ये ‘कॉलेज ऑफ पायपिंग’ ही संस्था काढली. तिचे १९५३ चे प्राथमिक शिक्षणपुस्तक जगभर वापरले गेले. ग्लासगोतच १९९६ मध्ये ‘नॅशनल पायपिंग सेंटर’ सुरू झाले व २०१८ मध्ये पहिली संस्था त्यात विलीन झाली. इन्व्हर्नेस व ओबन येथील स्पर्धांची सुवर्णपदके आजही एकलवादकाच्या कर्तृत्वाची कसोटी मानली जातात. १९७० नंतरच्या दशकापर्यंत स्त्रियांना मात्र ह्या स्पर्धांत स्थान नव्हते.

आजचा विद्यार्थी प्रथम पिशवीवाचून वाजविता येणाऱ्या, मंद आवाजाच्या सराव-स्वरनळीवर शिकतो. डावा हात वर व उजवा खाली असतो. खालच्या हाताच्या बोटांनी भोके टोकांनी नव्हे, तर मधल्या पेरांच्या गादीने झाकावयाची असतात. बोटे सरळ राहिली तरच ती सैलपणे उचलता येतात. आरंभी नऊ स्वर, मग सुटे कणस्वर आणि नंतर कणस्वरांचे जोड व गुच्छ असा क्रम असतो. सर्वांत अवघड गुच्छास ‘क्रूनलुअ’ म्हणतात. वरच्या व खालच्या हातांची बोटे एकाच क्षणी हलली नाहीत, तर मधल्या मध्ये एक चोरटा स्वर ऐकू येतो. नवशिक्याचा हा सर्वांत सामान्य दोष असून वर्षानुवर्षे वाजविणाऱ्यांतही तो आढळतो. वेग वाढवून तो झाकता येत नाही. दोन स्वरांची तीच जोडी अत्यंत संथपणे, तालमापकाच्या ठोक्यावर पुनःपुन्हा घोटणे हाच त्यावर उपाय. कणस्वर जितके बारीक व मोकळे, तितकी मुख्य सुरावट स्वच्छ. म्हणून जाणते गुरू धून लवकर हाती देण्याची घाई करीत नाहीत.

पूर्ण वाद्य हाती येते ते बहुधा वर्षभरानंतर. तेव्हा बोटांत तयार असलेल्या धुनाही विस्कटतात. कारण आता फुंकर व काखेचा दाब ह्यांचा मेळ साधावा लागतो. फुंकर संपून श्वास घेताना काखेने पिशवी दाबली पाहिजे आणि पुन्हा फुंकताना ती तितकीच सैल सोडली पाहिजे. दाब किंचित बदलला तरी स्वर वरखाली होतो. हा दोष डोळ्यांना दिसावा, म्हणून काही शिक्षक पिशवीस पाण्याने भरलेली यू आकाराची नळी जोडतात. पाण्याची पातळी स्थिर ठेवणे हा अभ्यास. सुरुवातीस दोन आधारनळ्या बुचाने बंद करून एकीवरच सराव करतात. आधारनळ्यांचे लांबीने कमीजास्त होणारे भाग सरकवून त्या स्वरात लावतात. दोन नाद जुळले नसतील, तर त्यांच्या मिश्रणात लाटांसारखा कंप ऐकू येतो. तो मंदावत नाहीसा झाला की सूर लागला. दाब स्थिर नसलेल्या वादकास हा कंप कधीच स्पष्ट ऐकू येत नाही. त्यामुळे सूर लावणे हे कानाइतकेच श्वासाचेही शिक्षण ठरते.

वाद्याच्या निगेचा भागही शिक्षणातच येतो. श्वासातील ओलाव्याने पत्ती जड होते. सांध्यांवर मेण लावलेला तागाचा दोरा गुंडाळून हवा रोखावी लागते, तर चामड्याची पिशवी आतून औषधी मिश्रणाने मुरवावी लागते. १९८० नंतरच्या दशकांत कृत्रिम कापडाच्या पिशव्या व प्लॅस्टिकच्या पत्त्या प्रचारात आल्या व हे श्रम कमी झाले. तरी स्वरनळीसाठी वेताच्या जिव्हाळीस समाधानकारक पर्याय मिळालेला नाही. विद्यार्थ्याने आपल्या श्वासाच्या ताकदीपेक्षा कडक जिव्हाळी वापरणे ही नित्याची चूक होय.

हायलंड रेजिमेंटांबरोबर हे वाद्य ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र पोहोचले. जागतिक पाइप बँड स्पर्धेत १९८७ मध्ये कॅनडाच्या पथकाने विजेतेपद मिळविले; ब्रिटनबाहेरील पथकाचे ते पहिलेच होय. भारतीय सेनेतील अनेक पायदळ रेजिमेंटांची पाइप पथके आहेत. गढवाल व कुमाऊँ भागांत सैन्यातून परतलेल्या वादकांमुळे ते ‘मशकबीन’ ह्या नावाने लग्नसमारंभातील लोकवाद्य बनले. तेथे ढोल-दमाऊच्या साथीने त्यावर पहाडी धुना वाजवितात. त्या बव्हंशी एकमेकांचे ऐकूनच शिकल्या जातात.