आपल्या आमदाराचं मत १७५ चं

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हवी तर राज्याराज्यांत पक्षाच्या मतदारांपुढे महिनोन्महिने हात जोडावे लागतात. आपल्याकडचं २००७ आठवा. काँग्रेसकडून आधी लातूरच्या शिवराज पाटलांचं नाव पुढे होतं. डाव्यांनी नकार दिला, आणि त्यांच्याशिवाय गणित जमत नव्हतं. मग १४ जूनला प्रतिभाताई पाटलांचं नाव जाहीर झालं. मूळच्या जळगावच्या, तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल. खरी निवडणूक तिथं, दिल्लीच्या बैठकांतच झाली असं मला वाटतं. कारण अर्जालाच ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, तेही खासदार-आमदार. पक्ष पाठीशी नसेल तर अर्जच टिकत नाही.

समोर भैरोसिंह शेखावत. नावाला अपक्ष, पाठिंबा भाजप आघाडीचा. त्याच आघाडीत असूनही बाळासाहेबांनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. आपले आमदार अशोकराव काळे तेव्हा शिवसेनेचेच! या निवडणुकीत व्हिप नसतो, मतदान गुप्त असतं. पण महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य धरतात १७५, आणि तेही १९७१ च्या लोकसंख्येवर. तेव्हाचं कोपरगाव केवढं होतं, जुन्या लोकांना विचारा.

२१ जुलैला निकाल लागला: ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६.