पायडलपासून चाकापर्यंत

श्रोतेहो, पुण्याहून नगरकडे जाताना शिरूरजवळ घोडनदी ओलांडली, की सुप्याच्या अलीकडे राळेगणसिद्धीला जाणारा फाटा लागतो. राळेगणचे नाव निघाले, की आपल्याला पाणलोटाचे बांध आठवतात आणि अण्णा हजारे आठवतात. पण गावाच्या कामाला वाहून घेण्याआधी अण्णा लष्करात ट्रक चालवीत होते आणि १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ट्रक असो की जीप, चालवणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : गाडी पळवणे सोपे, वेळेवर थांबवणे अवघड. ती थांबवण्याची युक्ती माणसाला कशी साधली आणि त्यातला एक लहानसा भाग आपण कसा सांभाळावा, एवढेच आज सांगायचे आहे.

याच पुणे-नगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी आपली पहिली एस.टी. धावली. किसन राऊत हे तिचे चालक होते. त्या दिवसापासून खेड्यातल्या माणसाचा जीव चालकाच्या पायाशी बांधला गेला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

मोटारी नव्या होत्या तेव्हा ब्रेक सळ्यांनी नाहीतर तारांनी ओढले जात. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉईसची जुनी चिलखती गाडी आहे, ती त्याच काळातली. सळ्यांची अडचण अशी, की एक सळई थोडी ढिली आणि दुसरी ताणलेली असली, की एक चाक आधी धरते, दुसरे मागाहून. मग गाडी एका अंगाला ओढते. बैलजोडीतला एकच बैल अडला म्हणजे गाडी तिरकी होते ना, तसेच.

यावरचा उपाय फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कल या विद्वानाने सतराव्या शतकातच सांगून ठेवला होता. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोचतो. शिक्षक बंधुभगिनींनी हा नियम फळ्यावर मांडलाच असेल. १७९५ मध्ये इंग्लंडात ब्रामाने याच नियमावर दाबयंत्र केले. कापसाच्या गठाणी बांधणारी यंत्रे त्याच जातीची.

मोटारीला हा नियम लावला तो अमेरिकेतल्या मालकम लॉकहीड यांनी, १९१७ च्या सुमारास. १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग या गाडीच्या चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. पण सुरुवातीच्या ब्रेकमधले पेले कातडी होते, आणि कातडे वाळले की काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. उन्हात पडलेली मोट पाणी धरीत नाही, सायकलच्या पंपातला कातडी वायसर सुकला की हवा मागे येते. इथेही तेल झिरपू लागले. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत रबराचे पेले आले आणि तेलाच्या ब्रेकने खरे बाळसे धरले. त्या काळच्या ब्रेक ऑइलात, बरं का, आपल्या ओळखीचे एरंडेल असे, मद्यार्कात मिसळलेले.

आता ज्याची गोष्ट सांगायची तो मास्टर सिलिंडर. पायडलला जोडलेली एक नळी, तिच्यात दट्ट्या, दट्ट्यावर रबरी पेला, मागे स्प्रिंग आणि वर तेलाची डबी. समजा, पायाने २० किलो जोर दिला. पायडल ही तरफ, ती पाचपट करते : झाले १०० किलो. दट्ट्याचे तोंड ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब, आणि तोच दाब प्रत्येक चाकाशी. पाय उचलला, की दट्ट्या मागे येऊन एक बारीक भोक उघडतो आणि जादा तेल डबीत परतते. म्हणून पायडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल ठेवतात. ती नसेल तर भोक बुजलेलेच राहते, ब्रेक धरून राहतात आणि चाके तापतात.

स्वातंत्र्यानंतर गावोगाव सरकारी जीप दिसू लागल्या. जुन्या विलीज जीपमध्ये हा सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फळीच्या तळाशी असे. धूळ आणि चिखल तिथेच, आणि तेल पाहायचे तर फळीवरचे झाकण काढावे लागे. शिवाय सिलिंडर एकच. एक नळी फुटली, की चारही चाकांचा ब्रेक गेला. हा धोका ओळखून १९६२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकसारख्या गाड्यांत सिलिंडरचे दोन कप्पे झाले, आणि १९६८ पासून तिथे मोटारींना ते सक्तीचे झाले. एक कप्पा निकामी झाला तरी दुसरा काही चाके धरतो. आपल्याकडेही पुढे तीच पद्धत रुळली. हा फरक किती जीव वाचवणारा आहे, हे घाट उतरणाऱ्याला विचारा. मात्र एक कप्पा गेल्यावरही गाडी थांबते म्हणून तशीच चालवीत राहणे, हा शहाणपणा नव्हे.

हा सिलिंडर गुपचूप म्हातारा होतो. इंजिन चालू ठेवून पायडल दाबून धरा. बाहेर कुठे तेल गळत नाही, तरी पायडल हळूहळू खाली बसत असेल, तर आतला पेला हरला असे समजावे. दोन-तीन वेळा दाबल्यावर पायडल कडक येत असेल तर तेलात हवा शिरली असावी. डबीतले तेल कमी होत असेल तर चाकांजवळ पाहावे, आणि सिलिंडरच्या मागच्या तोंडाशीही.

दुसरे, तेलाचे. राळेगणने पाणी अडवले आणि जिरवले, ते जमिनीत. ब्रेक ऑइलात पाणी जिरले तर मात्र घात होतो. आजचे नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावलेले मात्र १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाटात ब्रेक तापले, तेलाची वाफ झाली, की पायडल सरळ तळाला जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे. त्यात इंजिनचे तेल एक थेंबही घालू नये, रबर फुगून बसते.

सिलिंडर उघडल्यावर आत चरे किंवा गंज दिसला, तर घासून नवे रबर घालण्याच्या भरीस पडू नये, सिलिंडरच बदलावा. नवा बसवण्याआधी मिस्त्री तो शेगड्यात धरून, तेल भरून, दट्ट्या सावकाश ढकलून आतली हवा काढतो. मग नळ्या जोडून एकेका चाकापाशी हवा काढायची, त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने. तोवर डबी रिकामी होऊ द्यायची नाही आणि निघालेले तेल पुन्हा वापरायचे नाही. रंगावर तेल सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. शेवटी मोकळ्या मैदानात सावकाश चालवून पाहावे, मगच रस्त्यावर यावे.

श्रोतेहो, पास्कलचा नियम, रबराचा पेला, दोन कप्पे, एवढे सगळे माणसाने जोडत आणले. तरी शेवटचे काम कोणत्याही यंत्राने केलेले नाही : डबीचे झाकण उघडून पाहणे आणि थकलेला सिलिंडर वेळेत उतरवणे. बाजारच्या दिवशी जीपमध्ये दाटीवाटीने बसलेली पोरेबाळे गाडीच्या मालकाला हे विचारीत नाहीत. म्हणून ते आपण विचारावे.