अमली पदार्थविरोधी पोलीसपट

स्वतःची ओळख लपवून अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांत मिसळणाऱ्या आणि त्यांच्यापैकीच एक म्हणून वावरून अखेर त्यांना कायद्याच्या हवाली करणाऱ्या पोलिसाची कथा सांगणारा चित्रपटप्रकार. गुन्हेपटाचा हा एक पोटप्रकार होय. सर्वसाधारण रहस्यपटात गुन्हेगार कोण, हे शेवटपर्यंत झाकलेले असते. या प्रकारात गुन्हेगार प्रेक्षकांना आरंभापासून ठाऊक असतो. झाकलेली असते ती पोलिसाची ओळख, आणि ती उघडी पडेल काय, याच भीतीवर कथानक उभे राहते.

या प्रकाराचे मूळ पोलीसकामातील एका अडचणीत आहे. चोरी, मारहाण, खून यांसारख्या गुन्ह्यांत कोणीतरी फिर्यादी असतो. अमली पदार्थांच्या खरेदीविक्रीत विकणारा व घेणारा असे दोघेही राजीखुशीने व्यवहार करतात, आणि नुकसान ज्याचे होते तोच व्यवहार लपविण्यास सर्वांत उत्सुक असतो. साहजिकच फिर्याद देण्यास कोणी पुढे येत नाही. अशा वेळी पोलिसांपुढे दोनच वाटा उरतात : खबऱ्याने आणलेली बातमी अथवा खुद्द पोलिसांनी पाठविलेला गिऱ्हाईक. महाराष्ट्रातील पोलिसांच्या व्यवहारात यास ‘बनावट गिऱ्हाईक’ म्हणतात. पंचांसमक्ष नोटांचे क्रमांक पंचनाम्यात टिपून त्या नोटा या गिऱ्हाइकाजवळ दिल्या जातात. व्यवहार होताच तो ठरलेली खूण करतो आणि जवळपास दबा धरून बसलेले पथक छापा घालते. सापडलेला मुद्देमाल लाखबंद केला जातो व त्याचे नमुने रासायनिक विश्लेषकाकडे तपासणीस जातात. हे सारे काम घटकाभराचे असते. चित्रपटातील पोलिसाला मात्र हेच सोंग महिनोन्‌महिने वठवावे लागते. इतक्या काळात त्या सोंगाखालचा माणूस कितपत शाबूत राहतो, हा या चित्रपटांचा खरा विषय होय. गोळीबार व मोटारींचे पाठलाग हा त्याभोवतीचा साज आहे.

ब्रिटिश अमदानीत हे काम प्रामुख्याने अबकारी खात्याकडे असे, आणि त्यामागील हेतूही वेगळा होता. अफू व गांजा यांची विक्री परवान्याने चालत असे व त्यांपासून सरकारास महसूल मिळे. छापा पडे तो पदार्थ घातक म्हणून नव्हे, तर कर चुकविला म्हणून. अफूविषयक १८५७ व १८७८ च्या कायद्यांचा रोख हाच होता. १८९३-९४ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने आपल्या सात खंडांच्या अहवालात संपूर्ण बंदीची कल्पना नाकारली व परवाना, कर आणि मर्यादित लागवड यांची शिफारस केली. मध्य प्रांतात खांडव्याच्या परिसरात सरकारी देखरेखीखाली गांजा पिकविला जात असे. त्याच्या दक्षिणेस लागून असलेल्या वऱ्हाडची स्थिती आणखी गुंतागुंतीची होती. १८५३ च्या तहाने हा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तरी त्यावरील नाममात्र स्वामित्व निजामाकडेच राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे वऱ्हाडात आपोआप लागू होत नसत; ते स्वतंत्र आदेशांनी लावावे लागत. अकोल्याच्या दक्षिणेस बार्शीटाकळी, मंगरूळपीर, वाशीम हा पट्टा ओलांडला, की निजामाचा मुलूख लागे. एकीकडे खांडव्याचा गांजा आणि दुसरीकडे वेगळ्या राजवटीची हद्द, अशा प्रदेशात अबकारी शिपायास गणवेशापेक्षा साध्या वेशाचा उपयोग अधिक होणार, हे उघड आहे.

१९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात वऱ्हाडचाही अंतर्भाव होता. बार्शीटाकळीसारख्या ठाण्याच्या हद्दीत पडलेल्या छाप्याचा खटलाही वरिष्ठ न्यायालयात नेण्याची वेळ आली, तर वाट नागपूरचीच होती. या न्यायालयाचे न्यायाधीश व पुढे मुख्य न्यायमूर्ती (१९४९–५१) झालेले विव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात असताना रामजनम सिंग विरुद्ध बिहार राज्य (१९५६) या निर्णयात सापळ्यांच्या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. प्रकरण लाचेचे होते. पण त्यातील भेद बनावट गिऱ्हाइकासही तंतोतंत लागू पडतो. गुन्हा करण्याचे ज्याने आधीच ठरविले आहे, त्याला पकडण्यासाठी सापळा लावणे ही एक गोष्ट. ज्याच्या मनात तसे काही नाही, त्यास मोहात पाडून गुन्हा घडवून आणणे ही दुसरी. माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते आणि कायद्याच्या रक्षकांनीच तिची परीक्षा पाहू नये, असा बोस यांचा आशय होता. गांजा विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पाठविणे यात बसते; न विकणाऱ्यास विकावयास लावणे बसत नाही. व्यवहारात या दोहोंमधील रेषा पुसट असते. तीवर चालणाऱ्या पोलिसास ती ओलांडल्याचे पुष्कळदा मागाहूनच कळते, आणि या चित्रपटांतील उत्तम प्रसंग बहुधा याच रेषेवर घडतात.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. १९३० चा घातक औषधिद्रव्यांविषयीचा कायदा अपुरा ठरू लागला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये भारताने गांजाचा औषधेतर उपयोग २५ वर्षांत बंद करण्याचे बंधन स्वीकारले होते. १९७९ नंतर इराण व अफगाणिस्तानातील उलथापालथीमुळे हेरॉइनच्या वाहतुकीचे मार्ग बदलले आणि मुंबईत ‘ब्राउन शुगर’ या नावाने ते गल्लीबोळांत पोहोचले. ज्या बंदरातून एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू राजरोस चीनकडे रवाना होत होती, त्याच शहरात आता पुड्यांसाठी झडत्या सुरू झाल्या. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला. त्यापाठोपाठ १९८६ मध्ये केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाची स्थापना झाली. शिक्षा अत्यंत कडक झाल्या. २००१ च्या सुधारणेने त्या पदार्थाच्या प्रमाणाशी जोडल्या गेल्या : हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत व गांजा १ किग्रॅ.पर्यंत ‘अल्प’, तर हेरॉइन २५० ग्रॅम व गांजा २० किग्रॅ. यांपासून पुढे ‘व्यापारी’ प्रमाण मानले जाते. व्यापारी प्रमाणास किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे.

शिक्षा कडक म्हणून कागदही कडक, हे या अधिनियमाचे वैशिष्ट्य होय. मिळालेली बातमी लिहून ठेवून वरिष्ठांकडे पाठविली पाहिजे; अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमक्ष झडती घेतली जाण्याचा आपला हक्क आहे, हे संशयितास सांगितले पाहिजे; अटक व जप्ती यांचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठांस दिला पाहिजे. अंगझडतीसंबंधीचा नियम न पाळल्यास त्या झडतीवर आधारलेली दोषसिद्धी टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बलदेव सिंग प्रकरणात (१९९९) स्पष्ट केले; तर तोफान सिंग प्रकरणात (२०२०) या कायद्याखालील तपासी अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य नाही, असे ठरविले. अमली माल लगेच न पकडता नजरेखाली पुढे जाऊ देऊन मूळ धन्यापर्यंत पोहोचण्याची तरतूदही (कलम ५० अ) २००१ सालची आहे. परंतु टोळीत राहणाऱ्या पोलिसाने तेथे काय करावे, कोठे थांबावे आणि तो पोलीस असल्याची नोंद कोणाजवळ असावी, यांविषयी या अधिनियमात स्वतंत्र प्रकरण नाही. चित्रपटांचे कथानक नेमके या मोकळ्या जागेत शिरते.

परदेशात या प्रकारास प्रतिष्ठा मिळवून दिली ती विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित द फ्रेंच कनेक्शन (१९७१) या चित्रपटाने. न्यूयॉर्कच्या एडी एगन व सनी ग्रोसो या दोन पोलिसांनी १९६०–६२ च्या सुमारास केलेल्या तपासावर तो आधारलेला होता व त्या दोघांनीही त्यात लहान भूमिका केल्या. या तपासात जप्त झालेले हेरॉइन पोलिसांच्याच मुद्देमाल कोठारातून चोरीस गेल्याचे १९७२ मध्ये उघडकीस आले. पडद्यावरील विजयाला वास्तवाने दिलेले हे उत्तर चित्रपटापेक्षाही बोलके आहे. याच शहरातील अमली पदार्थविरोधी पथकाच्या भ्रष्टाचारावर सिडनी ल्युमेट यांनी प्रिन्स ऑफ द सिटी (१९८१) काढला. त्यातील पोलीस गुन्हेगारांत नव्हे, तर आपल्या सहकाऱ्यांतच छुपा साक्षीदार म्हणून वावरतो. रश (१९९१) हा स्वतः पोलीस म्हणून असे काम केलेल्या किम वोझेनक्राफ्ट यांच्या कादंबरीवरील चित्रपट. विश्वास संपादन करण्यासाठी विक्रेत्यांपुढे पदार्थ घेणारे दोन पोलीस त्याच्या आहारी कसे जातात, हे त्यात दाखविले आहे.

भारतात पोलिसाचे चित्रण दीर्घकाळ सावध राहिले. १९१८ च्या चित्रपटविषयक कायद्यानुसार १९२० पासून नेमलेल्या मुंबईच्या परीक्षण मंडळाचे अध्यक्षपद पोलीस आयुक्तांकडे असे, हे त्याचे एक कारण मानता येईल. राज खोसला यांच्या सी. आय. डी. (१९५६) मध्ये साध्या वेशातील मुंबईचा अधिकारी नायक झाला, पण त्याच्या मनात द्वंद्व नव्हते. अमली पदार्थ पडद्यावर ठळकपणे आले ते हरे रामा हरे कृष्णा (१९७१) व चरस (१९७६) यांसारख्या चित्रपटांतून.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो चंद्रा बारोट दिग्दर्शित व सलीम-जावेद लिखित डॉन (१९७८). वरवर पाहता तो करमणूकपट आहे आणि त्याचा नायक पोलीसही नाही. तथापि छुप्या कामाचा पेच त्यात अचूक पकडला आहे. टोळीचा म्होरक्या मरण पावल्याचे पोलीस अधिकारी डिसिल्व्हा गुप्त ठेवतो व त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या विजय नावाच्या साध्या माणसास त्याच्या जागी पाठवितो. ही गोष्ट डिसिल्व्हाखेरीज कोणासही माहीत नसते. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद नाही, पंच नाही, कागद नाही. ऐन छाप्यात डिसिल्व्हा मारला जातो. त्या क्षणापासून विजय पोलिसांच्या लेखी गुन्हेगार व टोळीच्या लेखी फितूर ठरतो, आणि त्याचा सर्व आटापिटा आपण आपणच आहोत, हे सिद्ध करण्यासाठी चालतो. पुढे चोवीस वर्षांनी हाँगकाँगच्या इन्फर्नल अफेअर्स (२००२) या चित्रपटात हाच पेच गंभीरपणे मांडला गेला : तेथेही छुप्या पोलिसाची खरी ओळख जाणणारा वरिष्ठ मारला जातो. त्या चित्रपटाची जगभर वाखाणणी झाली. डॉन मात्र गाण्यांसाठी व अमिताभ बच्चन यांच्या दुहेरी भूमिकेसाठीच लक्षात राहिला, हे काहीसे अन्यायाचे आहे.

मराठी लेखकांचा या परंपरेतील वाटा अप्रत्यक्ष, पण मोलाचा आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला व गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला अर्ध सत्य (१९८३) अमली पदार्थांविषयी नाही. परंतु अनंत वेलणकर या मुंबईच्या फौजदारामुळे भारतीय पडद्यावरील पोलीस प्रथमच आतून फाटलेला दिसला. कायदा राबविणाऱ्याच्या हातूनच कायदा मोडला जाणे हे त्याचे सूत्र. निहलानी यांनी पुढे द्रोहकाल (१९९४) मध्ये दहशतवादी गटात पेरलेल्या छुप्या पोलिसांची कथा सांगितली. त्यात ओळख फुटण्याची किंमत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरापर्यंत येऊन पोहोचते. या दोहोंच्या मधल्या काळातील पंकज पराशर यांचा जलवा (१९८७) गोव्यातील अमली पदार्थांच्या व्यापाराविषयी असला, तरी त्याचा रोख साहस व विनोद यांवर आहे.

परीक्षण मंडळाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यसनास उत्तेजन देणारी, त्याचे समर्थन करणारी वा त्यास मोहक रूप देणारी दृश्ये दाखविता येत नाहीत. या नियमाने दिग्दर्शकापुढे एक पेच निर्माण होतो. छुपा पोलीस ज्या जगात शिरतो, त्याची ओढ प्रेक्षकास जाणवली नाही, तर त्याचा धोकाही जाणवत नाही. अभिषेक चौबे यांच्या उडता पंजाब (२०१६) या चित्रपटावरून हा वाद न्यायालयात गेला. लाच घेऊन मालाचे ट्रक सोडणारा पंजाबचा एक कनिष्ठ पोलीस अधिकारी, स्वतःचा भाऊ व्यसनात सापडल्यावर आपल्याच खात्याला अंधारात ठेवून तपास करू लागतो, असे त्यातील एक कथासूत्र आहे. मंडळाने १३ ठिकाणी कात्री सुचविली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १३ जून २०१६ रोजी त्यांपैकी एकच दृश्य वगळण्याचा आणि आरंभीचे निवेदन सुधारून देण्याचा आदेश दिला, व चित्रपट केवळ प्रौढांसाठी असलेल्या प्रमाणपत्रासह चार दिवसांनी प्रदर्शित झाला.