अकरावीने इमारत बदलली

औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा एमआयडीसीत पी-३१ नंबरच्या प्लॉटवर इंडो-जर्मन टूल रूम आहे, १९९० पासूनची. दहावी झालेला पोरगा इथे टूल अँड डाय मेकिंगच्या चार वर्षांच्या डिप्लोमाला लागला की सुरुवातीला त्याच्या हातात कॉम्प्युटर येत नाही, कानस येते. व्हाइसमध्ये पकडलेला लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि जॉब यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा घासायचा. तळहाताला फोड येतात, ते फुटतात, घट्टे पडतात, आणि मग कधीतरी ती रेघ दिसेनाशी होते.

त्याच्या बाकावरचा मित्र याच जूनमध्ये अकरावी सायन्सला जातो. घरचे पाहुण्यांना सांगतात, ‘आमचा आता कॉलेजला आहे.’ तिसरा मित्र उस्मानपुऱ्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात जातो. तिघांचं वय सोळा. पण कॉलेजच्या हिशेबात या वयाचं वर्ष कोणाचं धरलं जातं, हे पाहिलं तर गंमत आहे. अकरावीवाला दोन वर्षं कॉलेजच्या आवारात काढतो आणि पुढे इंजिनिअरिंगला गेला तर पहिल्या वर्षापासून सुरू करतो. तंत्रनिकेतनवाला तीन वर्षांचा डिप्लोमा करून ‘डायरेक्ट सेकंड इयर’ला बसतो. दोन अधिक चार सहा, तीन अधिक तीन सहा. दोघं एकाच वर्षी इंजिनिअर होतात, पण एकाने पदवीचं पहिलं वर्ष मिसरूड फुटायच्या वयातच कमावून ठेवलेलं असतं.

शाळेच्या वयात कॉलेजची कमाई करण्याची ही सोय अमेरिकेत उघड नावानिशी चालते. तिथे १९५६ च्या मे महिन्यात ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ची पहिली परीक्षा कॉलेज बोर्डाने घेतली आणि १,२२९ मुलं तिला बसली. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या दर्जाचा विषय शिकायचा, परीक्षेत पाचपैकी चांगला गुणांक मिळवायचा आणि कॉलेजने मान्य केला तर तो विषय तिथे पुन्हा करायचा नाही. पुढे सिराक्यूज विद्यापीठाने दुसरी तऱ्हा काढली. १९७२ च्या सुमाराला आसपासच्या शाळांनी तक्रार केली की शेवटच्या वर्षाची मुलं नुसती वेळ काढतात. तेव्हा विद्यापीठाने आपले विषय थेट त्या शाळांमधून, तिथल्याच शिक्षकांकडून शिकवून घ्यायला सुरुवात केली. मुलगा शाळेत बसलेला आणि क्रेडिट विद्यापीठाचं.

महाराष्ट्राने त्याच वर्षी, १९७२ मध्ये, नेमकं उलटं काम सुरू केलं. पण ते समजायला औरंगाबादेत आणखी पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९२३ मध्ये इथे उस्मानिया विद्यापीठाचं इंटरमीजिएट कॉलेज सुरू झालं. किले अर्क परिसरातलं आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं ‘इंटर’, मग बी.ए. उस्मानियाचं माध्यम उर्दू होतं, त्यामुळे मराठी घरातली पोरंही तर्कशास्त्र आणि इतिहास उर्दूतून घोकत. उर्दूचे बाबा म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक याच कॉलेजचे प्राचार्य होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभारही बरीच वर्षं औरंगाबादेतूनच चालला.

इंटर हा प्रकार मुळातच धड इकडचा ना तिकडचा. कलकत्ता विद्यापीठासाठी १९१७ मध्ये नेमलेल्या सॅडलर आयोगाने म्हटलं होतं की ही दोन वर्षं विद्यापीठातून काढा, त्यांना वेगळी कॉलेजं द्या, कारण हा अभ्यास खरा शाळेचा आहे. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा शाळकरी की कॉलेजकुमार, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. औरंगाबादेत त्याचं उत्तर साधं होतं: परीक्षा विद्यापीठाची, तर मुलगा विद्यापीठाचा.

या उत्तराची कसोटी १९३८ च्या अखेरीस लागली. कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं. संस्थानाने बंदी घातली, मुलं हटली नाहीत आणि त्यांची नावं कमी झाली. ठिणगी इथून हैदराबादला गेली आणि उस्मानियातलीही शेकडो मुलं बाहेर पडली. दारात उभं कोण करणार? नागपूर विद्यापीठाने केलं. तिथले कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव नागपूरला गेले ते याच लाटेत. एका संस्थेत शिकलेलं दुसऱ्या संस्थेने मान्य करायचं, याला आज ‘क्रेडिट ट्रान्स्फर’ असं गुळगुळीत नाव आहे. तेव्हा त्याला एका कुलगुरूची हिंमत लागली.

संस्थान गेलं, पण उस्मानियाचा शिक्का लगेच गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढचं मिलिंद, तेही आधी उस्मानियालाच जोडलेलं होतं. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि इथल्या मुलांच्या तोंडी एक आखूड शब्द बसला: पीयूसी. अकरावीची मॅट्रिक, मग एक वर्ष प्री-युनिव्हर्सिटी, मग तीन वर्षं पदवी. मराठवाड्यात म्हणत, ‘पीयूसीला लागला’. जिल्ह्याच्या गावाहून ट्रंक घेऊन आलेला, खोली करून राहणारा, पहिल्यांदाच हाताने भात शिजवणारा पोरगा म्हणजे पीयूसीचा पोरगा. मराठवाड्यातल्या एका पिढीच्या बोलण्यात हे वर्ष हटकून येतं, कारण घर सुटल्याचं वर्ष तेच. आणि ते वर्ष, कोणाच्याही शंकेशिवाय, कॉलेजचं होतं.

मग कोठारी आयोग आला. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. देशभर दहा अधिक दोन अधिक तीन असा एकच आकृतिबंध असावा, ही त्यांची शिफारस. महाराष्ट्राने ती १९७२ पासून अमलात आणली. १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि १९७७ मध्ये पहिली बारावी. १९७५ च्या उन्हाळ्यात जुन्या अकरावीचे आणि नव्या दहावीचे निकाल एकत्र आले. पाठोपाठच्या दोन भावांनी एकाच जूनमध्ये कॉलेजची पायरी चढावी असा तो हंगाम होता.

बेरीज मात्र बदललीच नाही. जुने अकरा, एक, तीन म्हणजे पंधरा; नवे दहा, दोन, तीन म्हणजेही पंधरा. बदललं ते वर्षांचं घर. पूर्वी अकरावी हायस्कूलच्या इमारतीत होती, ती बऱ्याच ठिकाणी कॉलेजच्या इमारतीत गेली. आणि बारावं वर्ष, जे पीयूसी म्हणून विद्यापीठाचं होतं, ते जिथल्या तिथे राहून बोर्डाच्या ताब्यात गेलं. अकरावीने इमारत बदलली, बारावीने मालक बदलला. बाक तेच, पण त्यावर बसून केलेली मेहनत विद्यापीठाच्या खातेवहीतून खोडली गेली. अमेरिकेत शाळेच्या बाकावर कॉलेज येत होतं, त्याच काळात आपल्याकडे कॉलेजच्या बाकावर शाळा येऊन बसली. तिला नाव मिळालं ‘ज्युनिअर कॉलेज’, आणि या नावाने पालकांची समजूत पन्नास वर्षं छान घातली आहे.

या व्यवस्थेत एक खिडकी मात्र उघडी राहिली, आणि ती चिकलठाण्याच्या दिशेने उघडते.

कोठारी आयोगाची अपेक्षा होती की दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे जावीत. महाराष्ट्राने १९७८ पासून ‘द्विलक्षी’ अभ्यासक्रम आणला: अकरावी-बारावीत दोन नेहमीचे विषय सोडून दोनशे गुणांचा एक व्यवसाय विषय घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, स्कूटर-मोटरसायकल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय, बँकिंग. पुढे १९८८ च्या सुमाराला पूर्णवेळ व्यावसायिक अभ्यासक्रम आले, ज्यांना सगळे ‘एमसीव्हीसी’ म्हणतात. द्विलक्षीचं पुढे काय झालं ते प्रत्येक विज्ञान शाखेच्या मुलाला माहीत आहे. एका लक्ष्याचं दुसऱ्यावरच लक्ष: प्रॅक्टिकलचे गुण हाती लागतात म्हणून इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं, सोल्डरिंग गन हातात धरायला लागेलच असं नाही. पण एमसीव्हीसीच्या तांत्रिक शाखेतून बारावी झालेल्याला आणि दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट मिळाली. आयटीआयचा फिटर दोन वर्षांत डिप्लोमाधारक आणि त्यानंतर तीन वर्षांत इंजिनिअर होऊ शकतो, दोन्हीकडे पहिलं वर्ष माफ. महाराष्ट्रात शाळकरी वयातल्या शिक्षणाला वरच्या पायरीवर रोख किंमत मिळते ती इथे, हाताला तेल लागणाऱ्या या बाजूला. प्रतिष्ठा विज्ञान शाखेला आहे, सूट आयटीआयला आहे.

आणि विज्ञान शाखेची प्रतिष्ठा तरी कुठे बसते? नाव ज्युनिअर कॉलेजात, मुलगा क्लासमध्ये. हे इतकं वाढलं की २०१८ मध्ये सरकारला अकरावी-बारावी सायन्सची हजेरी बायोमेट्रिकने घ्या म्हणावं लागलं. औरंगाबाद विभागाचं नाव त्या यादीत होतं. अंगठा कॉलेजात आणि डोकं क्लासमध्ये, असा हा तह.

आता क्रेडिट हा शब्दच सरकारी झाला आहे. २०२१ मध्ये ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला आणि त्याने शाळेलाही हिशेबात घेतलं. वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, तीस तासांना एक. सीबीएसईने २०२४-२५ साठी सहावी, नववी आणि अकरावीत प्रयोग करायला शाळांना बोलावलं. पण आराखड्यातल्या पायऱ्या पाहिल्या तर बारावी चौथ्या पातळीवर आहे आणि पदवीचं पहिलं वर्ष साडेचारवर. खातं एक असलं तरी पायऱ्या वेगळ्या. १९७५ ची रेघ अजून तिथेच आहे, फक्त तिला दशांश चिन्ह मिळालं आहे.

इकडे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे वर्ग भरतात तेव्हा डिप्लोमावाले उशिरा येऊन मागच्या बाकांवर बसतात. बारावीवाल्यांची मैत्री वर्षभर आधीच जमलेली असते. महिनाभर ‘डिप्लोमावाला’ हेच यांचं नाव. लेथवर, ड्रॉइंगमध्ये हे पुढे. एम-थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या तासाला, फळ्यावर लाप्लास उतरला की मागे, कारण बारावीचं कॅल्क्युलस त्यांनी वेगळ्या घाईत केलेलं असतं. मग सबमिशन जवळ येतं. बारावीवाला मशीन ड्रॉइंगची कोरी शीट घेऊन मागच्या बाकाकडे वळतो, आणि मागच्या बाकावरून एक हात एम-थ्रीची वही मागत पुढे येतो.